सातवा फोन

सुसामिरच्या कुरणावर माणसांपेक्षा मेंढ्यांना समजावणं सोपं. इथे टॉवर नाही, म्हणून मी लोकांच्या फोनांचीच साखळी बांधली. प्रत्येक फोन झोपलेला असतो, क्षणभर जागा होऊन शेजारच्या फोनाला निरोप देतो आणि पुन्हा झोपतो. चार्ज आठवडाभर पुरतो. अट एकच, फोन बंद करायचा नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी! शार्शेन बाइकेंनी (बाइके म्हणजे आमच्याकडे दादा) तर आपला फोन म्होरक्या घोडीच्या गळ्यात बांधला होता, ती हरवू नये म्हणून.

चार दिवसांपूर्वी खिंडीत दरड कोसळून ती घोडी मेली. तिचं शिंगरू दुसऱ्या घोडीला तोंड लावेना, बाटली घेईना. खिंडीपलीकडच्या तळावर एक दुभती घोडी होती, तिचं शिंगरू गेलेलं. तिला घेऊन या, असा निरोप मी सकाळी पाठवला. "निघालो," उत्तर आलं.

मग मी साखळीतल्या फोनांची यादी पाहिली आणि डोकंच फिरलं. निरोप सातव्या फोनावरून गेला होता. घोडीच्या. चार्ज एक्केचाळीस टक्के, चार दिवस तेवढाच.

"बाइके, तो फोन कुणाला दिलात?"

"कुणाला देऊ? घोडीच्या गळ्यातच आहे. मी स्वतः दगड रचले तिच्यावर."

"मग चालतो कसा?"

"मला काय विचारतेस, बुरुल? साखळी तुझी!" त्यांनी खिशातून बॅटरी काढून माझ्या हातावर ठेवली. "ही तेवढी काढून घेतली. कशाला वाया घालवायची?"

मी वैतागून सातवा फोन यादीतून उडवला.

दुपार उलटली तरी कुणी आलं नाही. 'कुठे आहात?' हा माझा निरोप जागचा हलेना. शिंगराला मान उचलवत नव्हती. शेवटी दात-ओठ खात मी सातवा फोन परत यादीत घेतला.

उत्तर लगेच आलं. "पुन्हा दरड. वाट बंद. परत फिरलो."

मला रडूच आलं.

पण सातव्याचा सिग्नल वाढत होता. चार्ज उतरत होता. तीस. वीस.

तो फोन जवळ येत होता.

पाच.

बांधलेली सगळी शिंगरं एकदम खिंडीकडे वळली. वाटेवर कुणीच नव्हतं.

शून्य. सातवा फोन यादीतून गेला.

बाइके शिंगराजवळ गुडघ्यांवर बसले. त्याच्या ओठांवरून बोट फिरवून त्यांनी ते माझ्यासमोर धरलं.

दूध होतं. कोमट.