हिरामणचा उजवा हात

१९९४ साली उल्हासनगरात, कॅम्प चारमधल्या एका लहान नर्सिंग होममध्ये मी फिजिओथेरपिस्ट होते. चामटोलीचा हिरामण तिथं दोन महिने बेशुद्ध पडून होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्र्याच्या छपरावरून तो डोक्यावर पडला होता. त्याची बायको अंजनी सकाळी यायची, खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहायची आणि संध्याकाळी मुकाट्यानं निघायची.

उजव्या मनगटातल्या नसेला वीज दिली तर मेंदू जागा होतो का, याचे प्रयोग परदेशात चालू होते. आमच्या डॉक्टरांनी त्याबद्दल वाचलं होतं. खात्री कशाचीच नाही, हे मी अंजनीला स्पष्ट सांगितलं.

"करा बाई," ती म्हणाली. "घरात बोलायला दुसरं कुणी नाय मला."

मनगटावर मशीनच्या दोन पट्ट्या. वीस सेकंद करंट, चाळीस सेकंद बंद. करंट आला की बोटं मिटायची, गेला की सैल पडायची.

नवव्या दिवशी ती सैल पडली नाहीत. मूठही पुरती मिटली नव्हती. कुणाचा तरी हात धरावा तशी बोटं वळून थांबली होती. स्नायू आखडले असतील, असं वाटून मी मशीन बंद केलं, पट्ट्या काढल्या. त्या पोकळीत माझी बोटं घालून पाहिली.

पोकळी रिकामी दिसत होती, पण आत जागा नव्हती.

मशीन मी स्वतःच्या मनगटाला लावून तपासलं. त्यात काही बिघाड नव्हता.

विसाव्या दिवशी भर दुपारी हिरामणनं डोळे उघडले. अंजनीनं रडत त्याचा हात धरला. त्यानं तो हलकेच सोडवून घेतला.

"अंजने, तू कवा आलीस?"

"मी रोज इथंच होते."

"नाय. इथं ती होती."

"ती कोण?"

तो नुसता लाजल्यासारखा हसला.

डोक्याला मार लागला की असे भास होतात, असं डॉक्टर म्हणाले. मीही तेच म्हणाले.

दोन महिन्यांनी त्याला तपासायला मी चामटोलीला गेले. अंजनी बाहेर ओट्यावर बसली होती. आतून हिरामणचा आवाज येत होता. मध्येच तो थांबे, ऐकून घेतल्यासारखा, आणि हळूच हसे.

"पाहुणे आलेत का?"

"नाय." तिनं पदर सावरला. "लगीन झाल्यापासून हे माझ्याशी एवढं कधी बोलले नायत."

मी आत गेले. हिरामण भिंतीला टेकून चटईवर बसला होता. चेहऱ्यावर चांगलं तेज आलं होतं.

"या बाई, बसा."

मग उजवीकडं वळून तो हलक्या आवाजात म्हणाला, "सरक गं थोडी."

अंजनी माझ्या मागं, दारातच उभी होती.