टायरवरची घासलेली अक्षरं

खोटं बोलण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. पण हे खरं आहे. देवाशप्पथ खरं.

मी शिवप्पा. सोलापुरात अक्कलकोट नाक्याजवळ माझं मोटारसायकलच्या टायरचं दुकान.

साल चौऱ्याहत्तर. मे महिना. वेळ भर दुपारची, बाराची. भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्याकडचा मे महिना बघितलेला नाही!

वळसंगचा महिपती मोटारसायकलला चार कॅन बांधून रोज शहरात दूध घालायला यायचा. मागचा टायर पार झिजलेला. आता टायरच्या अंगावर इंग्रजीत कोरलेलं असतं, तो किती ओझं पेलतो ते. महिपतीला पाहिजे होता सहा प्लायचा, म्हणजे सहा थरांचा, जाड. माझ्याकडे होता चार प्लायचा. एकट्या माणसानं सावकाश हिंडण्यापुरता. त्या वर्षी माल मिळत नव्हता, आणि हा टायर वर्षभर माझ्या बोकांडी बसलेला.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाला, "आप्पा, हितं काय लिवलंय? वाचा की."

मी म्हणालो, "लिहिलंय, नवरा, बायको आणि चार कॅन. डोळे झाकून बस."

दुकानात आम्ही दोघंच. मी हसलो. महिपतीही हसला, बिचारा. बाहेर त्याची बायको मुक्ताबाई उभी होती. सातवा महिना चालू होता तिला. मी टायर चढवून दिला. रिवाजाप्रमाणं त्यानं चाकाखाली लिंबू ठेवलं, चिरडलं, तिला मागं बसवलं आणि गेला.

चौथ्या दिवशी दुपारी टायर फुटला. मागून ट्रक आला...

दोघंही गेले. तिघं म्हणा.

मी धावत गेलो. रडायला नव्हे! लोक प्रेतांपाशी जमलेले. मोडकी गाडी झाडाखाली ओढून ठेवलेली. पंचनामा व्हायच्या आत मी खिशातून कानस काढली आणि टायरवरची अक्षरं घासून टाकली.

खर्र... खर्र...

त्यांच्या तेराव्याची दुपार. दुकानाची फळी अर्धी ओढून मी आडवा झालो होतो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

आधी पंखा थांबला.

मग... खर्र...

उंदीर असेल मेला.

खर्र... खर्र...

आवाज टायरांच्या चळतीतून येत होता. मी उठलो. वरच्या टायरवर हात फिरवला.

गुळगुळीत.

दुसरा बघितला. तोही. तिसराही... अख्ख्या दुकानात एकाही टायरवर एक अक्षर नव्हतं. आणि फरशीवर दुधाचा ओघळ.

कानाशी कुणीतरी म्हणालं, "आप्पा, वाचा की."

मी बोंबलत बाहेर पळालो. लोक आले, त्यांना सगळी अक्षरं दिसत होती. फक्त मला नाही. डॉक्टर झाले, सिद्धेश्वराला अभिषेक झाला. पेपर वाचता येतो, टायर नाही. पोरगा कल्लप्पा वाचायचा, मी विकायचो. अशी पाच वर्षं काढली.

आज कल्लप्पा बायकोला घेऊन निघाला. पहिलं बाळंतपण, म्हणून सून माहेरी मंगळवेढ्याला चाललेली. सातवा लागलाय. सकाळी त्यानं गाडीला नवा टायर चढवला.

"काय लिहिलंय रे त्याच्यावर?"

टायर पुसत तो म्हणाला, "नवरा, बायको आणि चार कॅन. डोळे झाकून बस."

ते बोलणं मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं!

टायर काढायला लावला. दुसऱ्यावर त्यानं तेच वाचलं. तोही काढायला लावला. तिसऱ्यावर तेच. शेजारच्या तिप्पण्णा मास्तरांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून तेच वाचलं आणि चहा मागितला, जसं काही झालंच नाही.

"एस.टी.नं जा रे! पाया पडतो तुझ्या."

"काय खूळ लागलंय आप्पा तुम्हाला? तीनदा टायर बदलला की!" कल्लप्पा कावला. सून पदर खोचून मागं बसली. "येते मामंजी."

चाक लिंबावरून गेलं. लिंबू तसंच राहिलं. अख्खं.

अकराला निघाले. वाट दीड तासाची. पोचल्यावर मास्तरांच्या घरी फोन करतो म्हणाला होता. आता तीन वाजलेत.

मघाशी पंखा थांबला.

काढायला लावलेले दोन टायर माझ्या पायाशी पडलेत. पाच वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्यावरची अक्षरं दिसतायत. सहा प्लाय. दुसराही सहा प्लाय.

चार प्लायचा एकच टायर दुकानात उरला होता, त्या कोपऱ्यात. तो कोपरा रिकामा आहे.

मास्तरांचा फोन अजून वाजलेला नाही.