आप्पांचा शेवटचा रोल

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण आईची शपथ, यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

मागच्या वर्षी, दिवाळीनंतरचा रविवार. कडेगावातलं माझं माहेर. आणि रात्र वगैरे नव्हती... चांगली भर दुपार होती.

माझे वडील लालासाहेब. आम्ही आप्पा म्हणायचो. मिलिटरीतून रिटायर झालेले. नाद एकच, जुन्या कॅमेऱ्यानं ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचा. रोलसुद्धा घरीच धुवायचे, न्हाणीत. खिडकीला वाकळ, दाराच्या फटीला टॉवेल. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. त्या अंधारातच रोल चकरीवर चढवायचा आणि डब्यात बंद करायचा. त्याआधी उजेड लागला की सगळे फोटो खलास.

लहानपणापासून माझं काम ठरलेलं. बटणापाशी उभं राहायचं. आप्पा "लाव गं, क्रांते" म्हणाले की दिवा लावायचा. त्याआधी बोटसुद्धा हलवायचं नाही.

हुकूम म्हणजे हुकूम. मी तो कधी मोडला नाही.

गणपतीत आप्पा गेले. झोपेतच.

आता फोटो काढणाऱ्याचा फोटो कोण काढणार? घरात त्यांचा एक धड फोटो नव्हता. होता तो पेन्शनच्या कागदावरचा, पोलिसांनी धरून आणल्यासारखा. पण उन्हाळ्यात मी हट्टानं त्यांच्याच कॅमेऱ्यानं त्यांचा एक काढला होता. नवीन रोलातला पहिलाच. खळखळून हसताना. त्या रोलातले उरलेले फोटो त्यांनी काढून संपवले, रोल स्वतःच्या हातानं कॅमेऱ्यातून काढून फ्रिजमध्ये ठेवला. धुवायचा मात्र राहून गेला.

"त्योच भितीवर लावायचा," आई म्हणाली. "हसतेला."

म्हणून त्या दुपारी मी न्हाणीत शिरले. कुणी दार उघडू नये म्हणून आई बाहेर पाट टाकून बसली.

अंधार केला. रोल ओढून चकरीवर चढवायला लागले. निम्मा चढला असेल...

बाहेर आईच्या बांगड्या वाजत होत्या. त्या थांबल्या.

नळ ठिबकत होता. तोही थांबला...

"लाव गं, क्रांते."

आप्पांचा आवाज. माझ्या शेजारी. नेहमीसारखाच, जरा घाईतला.

विचार करायला वेळच मिळाला नाही. बोट आपोआप बटणावर गेलं.

लख्ख उजेड.

माझ्या हातात अर्धा रोल उघडा लोंबत होता. न्हाणीत दुसरं कुणी नव्हतं.

मी किंचाळले. आईनं दार ढकललं. "काय झालं गं?"

"आप्पा लाव म्हणाले... म्हणून लावला!"

तिनं मला वेड्यात काढलं नाही. फक्त विचारलं, "हसतेला गेला व्हय गं?"

गेला होता.

शेवटचा वीतभर तुकडा तेवढा रोलच्या मूळ डबीच्या आत राहिला होता, म्हणून वाचला. पुन्हा अंधार करून रडत रडत तोच धुतला. त्यात एकच फोटो निघाला. मोबाईलवर काळ्याचं पांढरं करून पाहिला...

त्यात मी होते.

माहेरच्याच बाहेरच्या सोप्यात गाढ झोपलेली. अंगावर मोरांच्या काठाची साडी.

आईनं माझं मनगट धरलं. "क्रांते... ही तुझ्या सासरची दुखवट्याची साडी हाय."

आप्पांच्या तेराव्याला फलटणहून सासरचे दुखवटा घेऊन आले, तेव्हा आणलेली. मी ती त्या एका दिवशीच नेसले. आणि रोल तर आप्पांनी जिवंतपणीच फ्रिजमध्ये ठेवलेला.

फोटो फार जवळून काढलाय. इतका, की काढणाऱ्याचा श्वास माझ्या तोंडावर यायला हवा होता...

"लय जीव व्हता तुज्यावर. बघून गेलं," आई म्हणते.

असेल. मग स्वतःचा चेहरा का पुसला? आणि तोही माझ्याच हातानं? ज्यांच्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवला, त्यांनीच केसानं गळा कापला. मला रडू कमी आणि राग जास्त येतो.

आई आता त्या घरात एकटीच असते. मी गेले की म्हणते, "ऱ्हा की गं आजचा दिस." मी काहीतरी कारण सांगते आणि उजेड आहे तोवर परतीची एसटी धरते.

बापाच्या घरात डोळे मिटायला लेकीला भीती वाटते.

आप्पा, हे तुम्ही केलंत.