तिसरी स्क्रिप्ट

दुपारी दोनला रक्तपेढीचा फ्रीज उघडला, तेव्हा आतल्या बत्तीसच्या बत्तीस पिशव्या कोमट झाल्या होत्या. अलार्म वाजलाच नव्हता.

हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईंना सगळे वायरताई म्हणत. तीन जिने चढून त्या आल्या. गुडघे दुखत होते, आणि खापर कुणावर फुटणार हे त्यांना दारातूनच दिसलं.

रक्तपेढीचे तंत्रज्ञ, सगळ्यांचे मामा, मान खाली घालून बसले होते. समोर व्यवस्थापक साहेब. हातात मामांना कामावरून काढायचं पत्र, फक्त सही राहिलेली.

"कटकट नको म्हणून अलार्म यांनीच बंद केला," साहेब म्हणाले. "खुर्चीत बूड टेकत नाही यांचं. आज अकरा सतराला उठले, अकरा अठ्ठावन्नला परतले. सोमवारपासूनची यादी आहे माझ्याकडे."

ताईंनी छताकडे पाहिलं. खोलीत कॅमेरा नव्हता.

"मामा, कुठे होतात?"

"वर, पिशवी द्यायला. सोमवारपासून लिफ्ट बंद आहे ना. पेशंट थांबतो का?"

"अलार्मला हात लावलात?"

"ताई, मला टीव्हीचा रिमोट धड येत नाही."

कोपऱ्यातल्या कपाटात नेटवर्क स्विच होता, सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा. फ्रीज तापला की अलार्म वाजवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, त्यातच चालायची. कपाटाच्या दारावर ताईंच्याच अक्षरात चिठ्ठी होती : 'फक्त दोन स्क्रिप्ट. तिसरी टाकण्याआधी मला विचारा.' खाली पासवर्ड. तो बघून ताईंना स्वतःचीच लाज वाटली.

दहा मिनिटं त्या डब्यातल्या नोंदी वाचत बसल्या.

"साहेब, अकरा सतरा कुणी सांगितलं?"

"माझं लक्ष असतं."

"माणसाचं लक्ष सव्वाअकरा म्हणतं. सतरा मिनिटं यंत्र मोजतं." ताईंचा आवाज थकलेला होता. "या डब्याची कुवत दोन स्क्रिप्टची. सोमवारी दहा पाचला तिसरी आली, मामांचा कॉम्प्युटर किती वेळ गप्प आहे ते मोजणारी. जागा नव्हती, म्हणून डब्याने सगळ्यात जुनी काढून टाकली. ती फ्रीजची. आज फ्रीज बिघडला, तेव्हा ओरडायला कुणी उरलंच नव्हतं. तिसरी आली ती तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून."

साहेब खुर्चीत बसले. "मला फक्त शिस्त हवी होती."

"उंटावरून शेळ्या हाकायच्या होत्या. पासवर्ड चिकटवला मी, तेवढा दोष माझा."

त्यांनी साहेबांची यादी मामांच्या रजिस्टरशेजारी ठेवली. एकोणीस गैरहजेऱ्या. वर पोचवलेल्या पिशव्याही एकोणीस, प्रत्येकीपुढे डॉक्टरांची सही.

साहेबांनी पत्र फाडलं. मामांनी तिकडे पाहिलंही नाही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मामा सवयीने जिन्याच्या दिशेने उठले, मग थांबले. त्यांनी रिसीव्हर उचलला, ऐकून घेतलं आणि तो साहेबांपुढे धरला.

"ऑपरेशनला पिशवी मागतायत. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."