सातवी फळी

प्रताप नगरच्या घरी वीज गेली होती. अंधारात पुतणी अरुंधती म्हणाली, "काका, भुतंबितं मी मानत नाही."

"नको मानू," वामनराव म्हणाले. "आमच्या गोपाळरावांसोबत झालं, तेवढं ऐक."

गोपाळराव नावा तपासून दाखला देत. ती रात्र सोमवारची, २४ डिसेंबर १९७३, मार्गशीर्ष अमावास्या. दुसऱ्या दिवशी नाताळची सुट्टी. शहराबाहेरच्या तलावावर गर्दी होणार, म्हणून नत्थूजी नावाड्याला दाखला त्याच रात्री हवा होता. आदल्या वर्षी गोपाळरावांनी त्याची नाव पाण्यातच पाहून पास केली होती. महिनाभरात तिच्यात पाणी शिरले आणि नत्थूजीचा धाकटा भाऊ गोविंदा बुडाला. तेव्हापासून गोपाळरावांना धड झोप नव्हती. यंदा त्यांनी बजावले होते : नाव बाहेर काढा, पालथी करा.

सात वाजता ते पोचले. आठ दिवस उन्हात वाळलेली नाव ओंडक्यांवर पालथी होती. डांबर ताजे होते.

नत्थूजीने पाय धरले. "पास करा जी साहेब. गोविंदाचे लेकरं बी मलेच पोसाचे हायत."

"आधी तपासू द्या. शिरा आत."

पद्धत जुनी होती. साहेबांनी बाहेरून फळीवर हातोडी मारायची, आतल्या माणसाने ती फळी चाचपून उत्तर द्यायचे. एक ठोका म्हणजे घट्ट, दोन म्हणजे कुजकी. पूर्वी आत गोविंदा शिरे. त्याला लिहिता येत नसे. कुजक्या फळीवर तो ओल्या बोटाने गोल काढी.

गोपाळराव पलीकडे गेले. डांबराच्या थराने सगळ्याच फळ्या बद्द वाजत होत्या. भरवसा आतल्या उत्तराचाच.

पहिली. आतून एक ठोका.

दुसरी. एक.

सातवी... दोन.

"नीट पाहा, नत्थूजी."

दोन.

"नत्थूजी...?"

"आलो जी."

आवाज मागून आला. नत्थूजी कंदील घेऊन तलावाच्या बांधावरून उतरत होता. "घासलेट आणाले गेलतो. सुरू नाही केलं ना?"

गोपाळरावांनी सातव्या फळीत चाकू खुपसला. तो मुठीपर्यंत गेला.

"म्याच लावलं डांबर..." नत्थूजी पुटपुटला. "करू काय, साहेब..."

दोघांनी कड उचलली. आत कोणी नव्हते. धुळीत पाऊल नव्हते. सातव्या फळीवर एक ओला गोल होता.

नत्थूजीने तो धोतराने पुसला.

गोल पुन्हा उमटला.

...दाखला त्याने पुन्हा मागितला नाही.

नावेतून काढलेली ती फळी पुढे गोपाळरावांच्या सदर भागातल्या घरी होती. मे महिन्यातल्या एका भर दुपारी वामनरावांनी त्या गोलावर बोट ठेवले होते.

बोट ओले झाले.