पपईच्या चिकाचा बळी

कासेरेकाला अजून मातीही दिली नव्हती, आणि अर्धं बेनी गाव त्याच्या अंगणात दगड घेऊन उभं होतं. बायको कातुंगूनं घेवड्यातून विष घातलं म्हणे. दारात दीर मुहिंदो आडवा उभा होता, म्हणून कातुंगू अजून जिवंत होती.

हिरव्या पपईला चिरा पाडून चीक काढायचा, वाळवून पूड करायची, ती औषधवाल्यांना पचनाच्या गोळ्यांसाठी विकायची, हा कासेरेकाचा धंदा. काल सकाळी तोंडाला मास्क लावून वाळवणाच्या खोलीत पाऊल टाकताच छाती आवळून तो पडला तो उठलाच नाही.

गुप्तहेर जेर्मेनबाई मागच्या दारानं आत आल्या. बरोबर त्यांचा मोटारसायकलवाला तेलेस्फोर. अंगानं ऐसपैस, डोक्यानं सावकाश.

"न्याहारीला काय दिलंस, पोरी?" बाईंनी कातुंगूला विचारलं.

"घेवडाच. एका ताटात जेवलो आम्ही. पण माझं ऐकतंय कोण?"

"त्याला दमा होता?"

"पूड नाकात गेली की जीव घुसमटायचा. म्हणून तर मास्क. तो मी रोज रटरटा उकळायचे. चिकाचे कपडे न उकळता घातले की साल निघते अंगाची. परवा संध्याकाळीही उकळून दोरीवर टाकला होता."

मुकादम वाहीमिरे म्हणाला, "खोलीत मीही होतो बाई. पण हातमोजे घालून. उघड्या हातानं पूड उचलील तो गाढव. घामात भिजली की बोटं सोलते."

मुहिंदोच्या बोटांना पट्टी होती. "चहाचं पातेलं लागलं. वहिनीसाठी ठेवला होता. मी हिशेबाचा माणूस, त्या खोलीकडे फिरकत नाही."

कातुंगूचे डोळे भरले. अख्ख्या गावात तेवढा एकच जीव तिला आपला उरला होता.

बाईंनी प्रेताजवळचा मास्क आणवला, दोन वाट्या कोमट दूध मागितलं. एका वाटीत मास्कचं बाहेरचं कापड बुडवलं, दुसरीत आतलं. पहिलं दूध तसंच राहिलं. दुसरं, पपईचा चीक पडल्यावर थिजतं तसं, बघता बघता थिजलं.

"एवढी पूड आत?" तेलेस्फोर डोकं खाजवत म्हणाला. "जुनी राहिली असेल, बाई."

"अरे शहाण्या, उकळल्यावर पुडीत दम उरत नाही. हिनं न उकळता टाकला असता तर बाहेरच्या अंगालाही पूड असती. आणि ही तर आत, घडीघडीत भरलेली. धुतल्यानंतर कुणीतरी भरली, आणि उघड्या हातानं भरली. मुहिंदो, पट्टी सोड."

तो हलला नाही. वाहीमिरेनं ओढून सोडली. अंगठा आणि दोन बोटं, टोकाशी लालभडक सोललेली.

"पातेल्यानं फोड येतात, बाबा. तुझी नुसती चिमूट सोललीय. चीक ओळखणारा असतास तर हातमोजे घातले असतेस."

"पण सख्खा भाऊ?" तेलेस्फोरनं विचारलं.

"भाऊ गेला की भावजय दिराची बायको होऊन त्याच्या घरात येते. तुमचाच रिवाज ना रे?"

मुहिंदो कातुंगूकडे वळला. "तुला कुणाचा हात लागू दिला का मी? सांग ना."

कातुंगू दोन पावलं मागे सरली. कालपासून याच्याच खांद्यावर डोकं ठेवून ती रडत होती.  मग ती मुकादमाला म्हणाली, "दादा, घेवड्यात विष होतं, हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं?"

वाहीमिरेनं मान खाली घातली. "यानंच."

"म्हणजे भावोजी," ती हळू म्हणाली, "मला वाचवायला मिळावं म्हणून मला मारायला माणसं तुम्हीच आणलीत."