गारांच्या दिवशी दार वाजलं

१९३४ च्या माघात कोरीटची धनुबाई वेचलेला कापूस टाकायला पाटलाच्या गुदामात गेली होती. तिचा नवरा नवल शेजारच्या झिपरूला घेऊन नदीकडच्या शेतात हरभरा उपटत होता. दुपार कलली आणि गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग मुठीएवढ्या. कुडाच्या घरांतली माणसं गुदामाकडे पळाली. साठेक जण कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत शिरून बसले, तेवढीच ऊब. वर पत्रा असा बडवला जात होता, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

गारा थांबल्या, तर उत्तरेचा वारा सुटला. चार गडी दाराला पाठ लावून उभे राहिले.

तेवढ्यात दार वाजलं. हळूच.

"धनू... दार उघाड. सुंदरले ली येल शे."

"उघाडू नको," दाराला टेकलेला इंद्रसिंग म्हणाला. "वारा घुसना ते छप्पर उडी जाई."

"त्यास्ना आवाज शे," म्हणत धनुबाई गड्यांच्या मधून घुसली आणि तिने कडी काढली.

बाहेर गुडघाभर पांढरं. नवल नव्हता. उंबऱ्याशी गल्लीतली सुंदरबाई पडली होती, सातवा महिना लागलेली. बायांनी तिला कापसात पुरलं, तळवे चोळले. तासाभराने तिने डोळे उघडले.

"नवलभाऊनी माले पाठवर आनं," ती म्हणाली. "वाटभर काहीच बोलना नही... पाठ नुसती बरफ व्हती त्यानी."

दिवस मावळायच्या आत झिपरू आला, डोक्यावर घमेलं धरून, लंगडत. धनुबाईसमोर तो खाली बसला.

"पयलीच गार त्यान्हा डोकामा बसनी. मन्हा मांडीवरच गया तो. मी त्याले गाडाखाल निजाडं, हात छातीवर ठेवात. आतेलगून तठेच बसेल व्हतू."

गड्यांनी खाट उचलली, तशी धनुबाई त्यांच्या मागून निघाली.

नवल गाड्याखालीच होता, ताठलेला. पण त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते, बोटं एकमेकांत घट्ट गुंतलेली, पाठीवर कुणाला घेतल्यासारखी. झिपरू दोन पावलं मागे सरला.

आंघोळ घालताना बोटांवर ऊन पाणी ओतलं, तेल चोळलं. ती सुटली नाहीत. शेवटी चितेवर त्याला कुशीवर निजवावं लागलं.